मास्तरांशिवाय सुटलेली पहिली बस

तुम्हाला वाटलं असेल, बसच्या नव्या रस्त्याचं उद्घाटन म्हणजे आता एक पुढारी येणार, फीत कापताना कात्री अडकणार, आणि मी त्याच्या भाषणाची नक्कल करून तुम्हाला हसवणार. सॉरी राव. कात्री चालली. पुढारी वेळेवर आला, दोन मिनिटं बोलला आणि गाडीत बसून गेला. माझीसुद्धा निराशाच झाली.

मग तुम्ही म्हणाल, बरं, आता खोदाई, धूळ, ट्राफिक असं रडगाणं लावणार हा. तेपण नाही. रस्ता चांगला झालाय. मधोमध बसची वेगळी लेन, दोन्ही बाजूंना कठडे, स्टॉपला काचेचे सरकते दरवाजे. मी रोज त्याच बसने कामाला जातो आणि कपडे न चुरगळता पोचतो. त्या दिवशी वाट लागली ती एकाच माणसाची. ती मी लावली, आणि तोंडाने लावली.

मी नकला करतो. लहानपणापासून. आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडसर वर्गाबाहेर आले की आधी खोकायचे, एक मोठा, दोन बारीक. तो खोकला मी असा काढायचो की शेजारचा वर्ग चिडीचूप. एकदा गणिताच्या सरांनी घाईघाईत पेपरची घडी करून टेबलाच्या खणात घातली, तेव्हा मला कळलं की देवाने आपल्याला काहीतरी दिलंय. मार्क कधी पडले नाहीत, पण गॅदरिंगला टाळ्या माझ्याच. पुढे आयटीआय करून चिखलीत एका वर्कशॉपला मशीनवर लागलो. तिथे मशीनचा अलार्म, सुपरवायझरचं हिंदी, चहावाल्याची आरोळी, सगळं आठवड्याभरात तोंडात आलं. सुपरवायझर मागून आला की पोरं मान वर करत नसत, त्यांना वाटायचं मीच आहे. यावरून माझ्या दोन-तीनदा सुट्ट्या कापल्यात, पण तो विषय वेगळा.

राहायला होतो काकांच्या इमारतीत. काका मूळचे गावातले. बापजाद्यांची शेती होती, ती तुकड्यातुकड्याने प्लॉट पडून गेली. उरलेल्या जागेवर तीन मजली इमारत. खाली काका आणि काकू, वर आम्ही भाडेकरू, कुणी लातूरचं, कुणी बीडचं, आणि माझा रूममेट कोकणातला. दुसरा एखादा मालक असता तर खुर्ची टाकून दारात बसला असता. काका मात्र रोज खाकी घालून ड्युटीवर जायचे. ते बसमध्ये कंडक्टर होते. इकडे कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे गावात ते मास्तर, आणि आमच्यासाठी काका.

काकांना एकच हौस होती. त्यांच्या डेपोत माणूस रिटायर होताना त्याची फाईल सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. कुठे चूक झाली, कुठे मेमो मिळाला, सगळं. मेमो म्हणजे डेपोचा कागद, की अमुक दिवशी तुम्ही असं का केलं, लेखी उत्तर द्या. तो कायमचा फाईलला लागतो. बहुतेकांच्या फाईलला दोन-चार असतातच. ज्याच्या फाईलला एकही नाही त्याच्यासाठी अख्खा डेपो उभा राहून टाळ्या वाजवतो. काकांनी हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, नोकरीला नवीन असताना. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलेलं. त्यांची फाईल कोरी होती आणि रिटायर व्हायला काही महिने उरले होते.

"एवढं वर्स नीट गेलं की झालं," काका म्हणायचे. "मग तुमी समद्यांनी यायचं टाळ्या वाजवायला. वर राहायचं तर यावं लागंल."

"काका, मी तर शिट्ट्यापण मारीन."

"तू गप बस. तू आलास की माझ्याच भाषनाच्या आधी माझं भाषन करशील."

आमचं असं होतं. त्यांना माझ्या नकला आवडायच्या. संध्याकाळी मी कामावरून आलो की ओट्यावरून हाक यायची, "काय रं, आज कुनाला तोंडात घालून आलास?" मग मी सुपरवायझर करून दाखवायचो आणि काकू भाजी निवडता निवडता पदर तोंडाला लावून हसायच्या. काकांची नक्कल मी त्यांच्या तोंडावर करायचो. तीच सगळ्यात अवघड होती आणि तीच मला सगळ्यात छान जमायची.

त्यांची एक पद्धत होती. पूर्वी तिकिटाला भोक पाडायचा एक चिमटा असायचा, पंच म्हणतात त्याला. आता मशीनमधून तिकीट निघतं, पंचाचं काम संपलं. बाकीच्यांनी आपापले पंच कधीच टाकून दिले असतील. काकांनी ठेवला होता. गाडीतल्या दांडीवर तो पंच एकदा वाजवला, टक, की थांब. दोनदा, टकटक, की चल. आणि टकटकच्या पाठोपाठ त्यांची आरोळी, "जाऊ दे रंऽ." त्यातला 'रं' शेवटी जरा नाकात जायचा.

"काका, बेल असते की बसमध्ये."

"हाय की. पन बेल कुनीबी दाबतं. पोरं दाबत्यात, म्हाताऱ्या आधाराला हात लावत्यात तरी वाजती. माझा ड्रायव्हर बेलीवर गाडी काढीत न्हाई. आमची इतक्या वर्सांची जोडी हाय. त्याला माझी टकटक पायजे."

मी जीभ टाळूला चिकटवून टकटक काढायचो. आधी ती ओली निघायची. काकांनीच मला शिकवलं. म्हणाले, "पानी पिऊ नको आधी. कोरड्या तोंडानं कर. आन् दुसरी टक पहिलीपेक्षा जरा हलकी." मी केली. काकू आतून म्हणाल्या, "आवो, कुटं निघालात?" काका ओट्यावर बसून मांडी थोपटत हसले. 

नव्या लेनवरच्या पहिल्या बसला डेपोने काकांची जोडी निवडली. गावातला माणूस, रस्ता गावातून जाणार, आणि रेकॉर्ड स्वच्छ. काका तीन दिवस आधीपासून खाकीला इस्त्री करत होते. आमच्या बाजूला एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची असते, आणि उद्घाटनही गुरुवारीच होतं. रूममेट म्हणाला, "चल रे, फुकट आहे पहिल्या दिवशी. व्हिडिओ पण काढू तुझा." मी कशाला नाही म्हणतोय.

बसला झेंडूच्या माळा, पुढच्या काचेला हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ फोडलेला. फीत कापली, बस सुटली. बस खच्चून भरलेली, अर्ध्या लोकांना कुठेच जायचं नव्हतं. ही गाडी पुढे आळंदीला जाणार होती, पण लोक म्हणत होते, आम्ही पुढच्या स्टॉपला उतरून परत येणार. नव्या गाडीत स्टॉप सांगणारा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता. दोन स्टॉप होईपर्यंत तो माझ्या तोंडात आला. "पुढील स्थानक, तुमच्या सासूबाईंचं घर. कृपया उतरू नये." सगळी बस हसली. काकांनी गर्दीतून बोट दाखवून मला दम दिला, पण मिशीत हसत होते.

"मास्तरांचा काढ ना," रूममेट म्हणाला. फोन त्याने माझ्यावर धरलेलाच होता.

"नको. ते इथेच आहेत. आज त्यांचा दिवस आहे."

बघा, इतकी अक्कल मला होती.

तिसरा स्टॉप आमच्या गल्लीसमोरचा. तिथे आत्या चढली. आत्या म्हणजे काकांच्या भावकीतली, वयाने खूप मोठी, गावात सगळ्यांचीच आत्या. दर गुरुवारी आळंदीला जाते. आधी ती रस्त्याच्या कडेला पिठाच्या गिरणीसमोर उभी राहायची, हात दाखवायची, काका तिच्यासाठी गाडी थांबवायचे. आता स्टॉप रस्त्याच्या मधोमध, दार उजवीकडे. काकांनी आदल्या दिवशी तिला हाताला धरून झेब्रा क्रॉसिंगवरून नेऊन सगळं दाखवून आणलं होतं. ती बरोबर आली. काचेचं दार सरकलं, बसचं दार उघडलं, आणि आत्या थांबली. तिने माळा बघितल्या, हळदीकुंकू बघितलं. मग वाकून तिने चपला काढल्या, फलाटावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या, बसच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि अनवाणी आत आली.

बस हसली. पण प्रेमाने हसली.

"आगं आत्या," काका म्हणाले, "देवळात चढलीस व्हय? चपला कुटंयत?"

"भायेर हायत्या की. नारळ फोडलाय नव्हं गाडीला?"

"आगं गाडी आळंदीला जानार. तू अनवानी फिरशील का तितं? दुपारचं डांबर हाय."

"आगं बया!" आत्या वळली आणि परत दाराकडे निघाली.

"तू थांब. हलू नको. मी आनतो." काका तिला दाराजवळच्या दांडीला धरून उभी करून खाली उतरले.

रूममेट म्हणाला, "आता काढ. आता ते खाली गेलेत."

मी काढला. तोंड कोरडं होतं, कारण इतका वेळ बडबड चालली होती. टकटक. दुसरी जरा हलकी. आणि पाठोपाठ, "जाऊ दे रंऽ."

नाकातला 'रं' इतका बरोबर निघाला की पूर्ण बस खदखदून हसली. हसण्याचा असा आवाज मी गॅदरिंगलापण ऐकला नव्हता. त्या हसण्यातच दार मिटलं आणि गाडी हलली. मला वाटलं, काका चढले असतील. खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. मी फोनकडे बघत होतो, आपण कसे दिसतोय ते.

"मास्तर राहिले! ओ ड्रायव्हर! मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं. पण हसण्यात ते ऐकू जायला वेळ लागला. ऐकू गेलं तेव्हा गाडी स्टॉप सोडून पुढे आली होती. लेनला दोन्हीकडे कठडे, मागे दुसरी सजवलेली बस, मध्ये थांबायचं नाही हा सकाळीच सांगितलेला नियम. ड्रायव्हरने एकदा मान वळवून बघितलं, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि त्याने गाडी पुढे नेली. मी मागच्या काचेतून बघितलं. लेनच्या मधोमध काका पळत होते. इस्त्रीची खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन लटकत, आणि हातात आत्याच्या चपला. त्यांच्या मागे लेनवर नेमलेला वॉर्डन शिट्टी वाजवत पळतोय, "ओ, लेनमधून चालायचं नाही! ओ!"

लोक खिडकीतून फोन काढून शूटिंग करत होते. दाराशी एक बाई आत्याचा पदर दाराच्या फटीतून हळूहळू ओढून काढत होती. आत्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी होती, पायाची बोटं आवळून. मी बघितलं. मला तेही गमतीचं वाटलं.

पुढच्या स्टॉपला डेपोचे साहेब वही घेऊन उभे होते, प्रत्येक बस किती वाजता आली ते लिहायला. शेजारी फोटोवाला.

"मास्तर कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मास्तरांनीच सोडलं. टकटक ऐकली मी. आवाज त्यांचाच."

"मग मास्तर कुठे आहेत?"

काका आले. धाप लागलेली, मिशीवर घाम. साहेबांकडे न बघता ते आधी बसमध्ये चढले, आत्याच्या पायाशी चपला ठेवल्या, "घाल गं," म्हणाले. मग खाली उतरून साहेबांसमोर उभे राहिले. "चुकलं साहेब," एवढंच म्हणाले. परत चढताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.  पंच काढला आणि दांडीवर मारला. टकटक. गाडी निघाली. "जाऊ दे रं" मात्र म्हणाले नाहीत.

इथे मी गप्प बसलो असतो तरी निम्मं पाप वाचलं असतं. संध्याकाळपर्यंत काका पळतानाची क्लिप सगळीकडे फिरत होती. रूममेटने मला दाखवली, आम्ही दोघं खोलीत गादीवर पडून हसलो, आणि मग मी तिच्यावर काकांचा आवाज चढवला. "थांब रंऽ ड्रायव्हर, म्हातारीच्या चपला तरी घिऊन जा!" गावाच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात ती माझ्याकडेच चार ठिकाणांहून परत आली. मला वाटत होतं काका बघतील आणि मांडी थोपटतील.

काकांनी बघितली की नाही, माहीत नाही. डेपोने बघितली.

चार-पाच दिवसांनी मी वर चाललो होतो. काकू ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या, समोर परात, त्यात तांदूळ, आणि निवडत नव्हत्या.

"काका कुठायत?"

"निजल्यात."

"आत्ता? सहा वाजता?"

"मेमो आलाय त्यांना," काकू म्हणाल्या. "ड्युटीवर गाडी सोडून खाली उतरले म्हनून. त्या कागदात लिवलंय, पळतानाची फिल्म लोकांमधे फिरतीय, त्यानं डेपोची बदनामी झाली."

मी म्हणालो, "पण गाडी त्यांनी सोडलीच नाही. म्हणजे, इशारा त्यांनी दिलाच नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. त्या घरात ती टकटक तोंडाने काढणारं आणखी कोण होतं? "त्यांनी लिवून दिलंय," त्या म्हणाल्या, "इशारा मीच दिला, आन् मग म्हातारीच्या चपला आनायला उतरलो. तसं न्हाई लिवलं तर ड्रायव्हर अडकतो. इशारा नसताना गाडी कशी काढली, म्हनून. त्याची दोन पोरं शिकत्यात अजून."

"आणि माझं?"

"तुझं काय? तुझं नाव कुटं घेतलंय त्यांनी?"

मी वर गेलो. रूममेटच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता, ज्यात माझं तोंड दिसतंय, टकटक ऐकू येतीय, सगळं. तो एकच पुरावा होता. आणि मी काय केलं, सांगू? मी त्याला तो उडवायला लावला. म्हटलं, उगाच लफडं नको. तो म्हणाला, "अरे, पण मास्तरांना उपयोग होईल ना?" मी म्हणालो, "आता लिहून झालंय त्यांचं." हे वाक्य मी माझ्याच आवाजात बोललो होतो. इतकं वाईट वाक्य दुसऱ्या कुणाच्या आवाजात मी कधी बोललेलो नाही.

पुढचे काही दिवस ओट्यावरून हाक आली नाही. मी जिना चढताना मुद्दाम चप्पल आपटत जायचो, की आता म्हणतील काय रं. आत टीव्ही चालू असायचा. शेवटी एका दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून डेपोत गेलो. साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी इशारा मास्तरांनी दिला नव्हता. मी दिला होता. तोंडाने."

"म्हणजे?"

"मी नक्कल करतो."

"पुरावा?"

आता पुरावा मीच उडवलेला. मग काय करणार? करून दाखवलं. टकटक. जाऊ दे रंऽ. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. दारात उभ्या दोन ड्रायव्हरांनी मागे वळून बघितलं, मास्तर आले की काय म्हणून. मग सगळे हसले. एक जण म्हणाला, "परत एकदा कर की भावा." साहेबसुद्धा हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम.

साहेबांनी फाईल उघडली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला. काकांचं अक्षर. "हे तुमच्या मास्तरांनी सही करून दिलंय, की इशारा माझाच. तुम्ही म्हणताय तुमचा. मग आता मी त्यांना आणखी एक मेमो देऊ का, खोटं लिहून दिल्याबद्दल? आणि ड्रायव्हरला एक?"

मी कागद परत त्यांच्याकडे फिरवला.

"जा," साहेब म्हणाले. "आणि ही कला चांगल्या कामाला लावा."

मेमो राहिला. काका त्या वर्षी रिटायर झाले तेव्हा मी काकूंच्या शेजारी मागच्या रांगेत उभा होतो. फाईल वाचली. शेवटच्या पानावर एक मेमो, लेनच्या पहिल्या दिवसाचा. वाचणाऱ्याने तो भरभर वाचला, चांगला माणूस होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बसून. काकांनी हात जोडले, शाल घेतली, खाली आले. मी काय शिट्टी मारली नाही.

पण मी सांगत होतो डेपोतून परत आलो त्या दिवसाचं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दिवेलागणीची वेळ. काका ओट्यावर नव्हते, आत कॉटवर बसले होते. "ये हिकडं," म्हणाले. मी दारातच उभा राहिलो. काकू स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज थांबला.

"डेपोत गेला व्हतास?"

"हो काका. मी सांगून टाकलं सगळं."

"सांगितलंस? का करून दाखवलंस?"

"त्यांनी पुरावा मागितला म्हणून..."

"आन् समदे हसले. व्हय ना? फोन आला व्हता मला. म्हनं मास्तर, तुमचा पोरगा लई भारी करतो. आरं, माझ्या मेमोवर तू डेपोत गॅदरिंग करून आलास! साहेबापुढं! तुला लाज कशी वाटली न्हाई रं?"

"काका, मला तुमचा मेमो काढायचा होता."

"मेमो गेला खड्ड्यात!" काका उठून उभे राहिले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. त्यांचा हा आवाज माझ्याकडे नव्हताच. "तुला वाटतं मी मेमोसाठी निजून राहतो? मला वाईट वाटलं, वाटनारच. पन मला झोप येत न्हाई ती त्या दारापायी. आत्या दारात व्हती. मी फलाटावरून बघत व्हतो. तिचा पदर दारात गावला. तिनं पाय भायेर टाकला असता, मला बघून, चपला दिसल्या म्हनून, तर? म्हातारी हाय, टाकला असता. चाकाखाली गेली असती आन् मी हातात चपला घिऊन उभा राहिलो असतो. तुला दिसलं का ते? न्हाई दिसलं. तू फोनात बघत व्हतास."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. 

"मी तुला टकटक शिकवली," काका म्हणाले. "माझीच चूक. तुला वाटलं त्यो आवाज हाय. आरं येड्या, ड्रायव्हरला मागचं काय दिसत न्हाई. मी दार बघतो, पायरी बघतो, कुनाचं पोर लोंबतंय का, कुनाची पिशवी अडकली का, ते समदं बघून झालं की मग मी टकटक करतो. त्यो डोळं झाकून गाडी काढतो माझ्यावर. तू माझी टकटक केलीस. माझं बघनं कुनी करायचं व्हतं? तुझ्या बापानं?"

"काका..."

"मधी बोलू नको. डेपोत गेलास. साहेबाला भेटलास. मला सांग, आत्याकडं गेलास का?"

मी मान खाली घातली.

"न्हाई गेलास. दोन गल्ल्या पलीकडं राहती ती. त्या दिसापास्नं आळंदीला गेली न्हाई. म्हनती, मला नगं ती काचंची गाडी. सून म्हनती घरातच बसून असती. तिची माफी मागायची सोडून तू साहेबाची करमनूक करत फिरतोस. ती हसली न्हाई ना तुझ्या नकलंला, म्हनून तुझ्या ध्यानात न्हाई राहिली."

आतून काकू म्हणाल्या, "आवो, पुरे आता. बीपी वाढंल."

"वाढू दे." मग जरा थांबून, हळू आवाजात, पण राग तसाच, "उद्या कामावर जायच्या आधी जायचं तिच्याकडं. पाया पडायचं. आन् येत्या गुरुवारी हाताला धरून तिला त्या गाडीत बसवायचं, आळंदीला नेऊन घरी आनायचं. कंपनीला सुट्टीच असती तुमच्या. आन् तितं जाऊन तोंडातनं एक बी आवाज काढायचा न्हाई. ना बाईचा, ना माझा, ना कुनाचा. कळलं का?"

"हो काका."

"हो काका, हो काका. तोंड घिऊन उभा राहिलास नुसता. जा वर. आन् दार लोटून घे, डास येत्यात."